लहान मुलांबरोबर कमी खर्चात काय काय करता येतं? ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर शनिवारी संध्याकाळी एक मोठी सतरंजी पसरते. दीड ते सात वर्षांची पोरं येतात, मागून पाण्याच्या बाटल्या सांभाळत आईबाबा येतात, कधी आजी-आजोबाही. पोरं मला सतरंजीमावशी म्हणतात. सतरंजी गुंडाळून घरी पोचेपर्यंत फोनवर प्रश्न येऊन पडलेले असतात आणि त्यातले बरेचसे तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी कुणी तज्ज्ञ नाही. दोन मुलं वाढवली आणि बाकीच्यांची बघितली, एवढंच भांडवल.

१. मूल किती वर्षांचं झालं की हे सगळं सुरू करायचं?

बसता यायला लागलं की. वर्षाच्या आतल्या बाळाला स्टीलचं पातेलं आणि लाकडी चमचा पुरतो. दीड ते तीन वर्षांच्या मुलाला भरायचं असतं, ओतायचं असतं, सांडायचं असतं आणि पुन्हा भरायचं असतं. काहीतरी 'बनवून दाखवण्यात' त्याला काडीचा रस नसतो. त्याला कागदाचा मोर करायला बसवलंत तर मोर तुम्हीच कराल. तीननंतर सोंगं सुरू होतात: दुकानदार, डॉक्टर, बसचा कंडक्टर. पाचच्या पुढे नियमांचे खेळ जमू लागतात, म्हणजे लंगडी, लगोरी, सापशिडी. हरल्यावरचं रडणं त्यात धरूनच चालायचं.

एक नियम मात्र सगळ्यांना लागू. अंगठा आणि तर्जनी जुळवून होणाऱ्या गोलातून जी वस्तू आरपार जाते, ती तीन-साडेतीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती एकटं असताना द्यायची नाही. शेंगदाणे, चणे, मणी, फुटलेल्या फुग्याचे तुकडे हे सगळं त्यात आलं. खेळण्यातला आणि रिमोटमधला चपटा बटण सेल तर याहून वाईट. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोनेक तासांतसुद्धा गंभीर भाजतं. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

२. कमी खर्च म्हणजे नक्की किती?

आमच्या घरी हिशेब होता आठवड्याला शंभर रुपये, प्रवास धरून. बहुतेक आठवडे तिथपर्यंत पोचायचेच नाहीत. घरात कायम ठेवायच्या वस्तू म्हणजे खडू, गेरू, डिंक, मैदा, सुतळी, बोथट कात्री आणि एका बाजूने छापलेले ऑफिसातले वाया गेलेले कागद. मोठं खोकं मिळालं तर ते टाकू नका. फ्रिजचं खोकं एका कुटुंबाला महिनाभर पुरतं.

माझं मत विचाराल तर दुकानात मिळणारे 'ॲक्टिव्हिटी किट' घेऊ नका. त्यात पैसे मोजायचे ते बहुधा डबीचे आणि डबीवरच्या हसऱ्या मुलाचे. बागांची तिकिटं आणि बोटींचे दर बदलत राहतात, तिथे गेटवरचा फलक खरा.

३. आमचं वन बीएचके आहे, गॅलरीही नाही. घरात करणार काय?

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. उत्तर स्वयंपाकघरात आहे.

जानेवारीत मटार स्वस्त होतो तेव्हाची गोष्ट. शेजारची सव्वादोन वर्षांची मुलगी आमच्याकडे होती. किलोभर शेंगा, एक परात, एक वाटी. आधी तिने शेंग उलटी धरली, मग पिळली, मग दातांनी तोडायला गेली. मी शेंगेच्या टोकाशी अंगठा दाबून दाखवला. 'टप्' आवाज झाला आणि तिचे डोळे असे काही विस्फारले की विचारू नका. पुढची चाळीस मिनिटं ती हललीच नाही. दाणे वाटीत, सालं परातीत, एखादा दाणा फ्रिजखाली. शेवटी कहर म्हणजे सोललेले दाणे तिने परत सालात घालायला घेतले, एकेक करून, जिभेचं टोक बाहेर काढून. स्वयंपाकाला उशीर झाला तो झालाच. कच्चा वाटाणा घशात अडकू शकतो, त्यामुळे मी शेजारीच बसून होते, आणि तुम्हीही बसा.

याच जातीची बाकीची कामं: पालेभाजी निवडणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं, इडलीच्या साच्यात कणकेचे गोळे ठेवणं. मुलाला हे काम वाटत नाही आणि तुमचं थोडंसं होतं.

दुसरं पाणी. बाथरूममध्ये टब, गाळणी, नरसाळं, दोन माप. नाहीतर जुना ब्रश आणि मगभर पाणी देऊन कोरडी भिंत किंवा फरशी 'रंगवायला' सांगायचं. रंग वाळून जातो, भिंत परत कोरी. पण बादलीत वीतभर पाणी असलं तरी मुलाला एकटं सोडून दार उघडायला जायचं नाही. बेल वाजू दे.

तिसरे ठसे. भेंडी आडवी कापली की फूल उमटतं, कांद्याची वर्तुळं, बटाट्यावर हवं ते कोरा. रंगाला गेरू, बीट, हळद. हळदीची एक गंमत पाच वर्षांच्या पुढच्यांना दाखवाच. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवा आणि त्यावर साबणाच्या पाण्यात बोट बुडवून चित्र काढा. पिवळ्यावर लाल उमटतं. मग लिंबू पिळा, लाल पुन्हा पिवळं. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, ते त्याच वेळी सांगून टाका. जादूगार म्हणून भाव वधारतो.

४. खेळायची कणीक घरी कशी करायची? बाजारातली महाग पडते.

एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल, आणि लागेल तसं पाणी, साधारण अर्ध्या वाटीपर्यंत. रंग मळतानाच घाला. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर सहज टिकते. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा चिकट होतो, तेव्हा थोडा मैदा आणखी मळून घ्यायचा. यात मीठ फार असतं, त्यामुळे सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला ही देऊ नका. त्याला पोळ्यांच्या कणकेतला गोळा तोडून द्या.

कॉर्नफ्लॉवरचा चिखलही झकास होतो: दोन वाट्या पिठाला एक वाटी पाणी. मुठीत दाबलं की दगड, मूठ उघडली की बोटांतून ओघळतं. खेळून झाल्यावर ते वाळू द्यायचं आणि कचऱ्यात टाकायचं. मी एकदा सरळ मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी प्लंबरने पाइपमधून पांढरी काकडी बाहेर काढली. शंभर रुपयांच्या हिशेबातला तो सगळ्यात महागडा आठवडा.

५. जूनपासून चार महिने पाऊस. मुलांना कोंडूनच ठेवायचं का?

कशाला? रेनकोट घालून गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात न्या. कागदी होड्या तर आल्याच, पण होडीबरोबर पान, काडी, बाटलीचं झाकण, नारळाची करवंटी पण सोडा. कोण तरतंय, कोण बुडतंय, कोण आधी पोचतंय यावर अर्धा तास जातो. कुंड्यांच्या बुडाशी गोगलगाई सापडतात. त्या हातात न घेता काचेच्या तुकड्यापेक्षा पारदर्शक डब्याच्या झाकणावर चढू द्यायच्या आणि खालून बघायचं, पोटाच्या लाटा दिसतात.

साबणाचे फुगे पावसाळ्यातच जास्त टिकतात, कारण दमट हवेत त्यांची पातळ भिंत लवकर सुकत नाही. भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक भाग, पाण्याचे सहा भाग, चिमूटभर साखर. तार वाकवून केलेलं कडं चालतं.

काय करायचं नाही तेही सांगते. रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात उड्या नकोत. त्यात उंदरांची लघवी मिसळलेली असू शकते आणि पायाला साधी खरचट असली तरी लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो. गच्चीवरचं पडत्या पावसाचं डबकं त्या मानाने बरं. आणि येऊरचे ओढे, खारघरचा पांडवकडा यांसारख्या धबधब्यांवर लहान मुलांना घेऊन जाण्याचा विचारच नको. दर पावसाळ्यात बंदी असते ती उगाच नसते.

६. ऑफिसमधून घरी यायला साडेसात होतात. वीस मिनिटांत काय होणार?

वीस मिनिटं भरपूर झाली, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर. नवीन काही शोधू नका. रोज तेच ठेवा. आमच्या ओळखीचे एक बाबा रोज डब्याची पिशवी मुलीसमोर उपडी करतात. ती डबे उघडते, वास घेऊन आज काय भाजी होती ते ओळखते आणि डबे सिंकपर्यंत पोचवते. आणखी एक घर रोज जेवणाआधी दिवे बंद करून भिंतीवर टॉर्चने सावल्या पाडतं. ससा आणि कुत्रा एवढंच त्यांना येतं, पण दोन वर्षं झाली, खेळ चालू आहे.

७. नुसतं लोकलमधून फिरवून आणलं तर चालेल का? मला वेगळं काही सुचत नाही.

चालेल काय, धावेल. माझ्या यादीत हे पहिल्या नंबरावर आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं. मोठ्यांचं दोन-चार स्टेशनांचं सेकंड क्लासचं तिकीट रिक्षाच्या किमान भाड्यापेक्षा कमीच पडतं.

वेळ रविवार सकाळची. गर्दीच्या वेळी मुलाला घेऊन हा शौक करू नका. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला या. खिडकीशी मूल, शेजारी तुम्ही, आणि स्टेशनांची नावं मोठ्याने: दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा. दुसऱ्या फेरीला मूल तुमच्या आधी नाव सांगतं. वाशीला गाडी बदलून मानखुर्दपर्यंत जा आणि परत या. खाडीपुलावर डब्याचा आवाज बदलतो, खाली पाणी नाहीतर ओहोटीचा चिखल, मासेमारीच्या होड्या. पुलावर आवाज का बदलला हा प्रश्न मुलाने विचारला तर पैसे वसूल.

मोठ्या मुलांना सांगायला गोष्टही तयार आहे. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. चौदा डबे आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. सतरंजीवर तीन पोरं इंजिनं होतात आणि बाकीची डबे. 'सुलतान' व्हायला भांडणं होतात, 'सिंध' व्हायला कुणी तयार नसतं.

बदल हवा असेल तर नवी मुंबई मेट्रो. ही बेलापूर ते पेंधर धावते, अकरा स्टेशनं, नोव्हेंबर २०२३ पासून सुरू. रस्त्याच्या वरून जाते, त्यामुळे बसची टपं आणि इमारतींच्या गच्च्या दिसतात. 'सेंट्रल पार्क' स्टेशनला उतरलात तर पुढचं प्रश्न ९ मध्ये. नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची गाडीही आहे, जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते. पण ती फेरी लांबली की दोन वर्षांचं मूल कंटाळतं.

८. ठाण्यात कुठे न्यायचं?

तलावांचं शहर म्हणतात ते यासाठीच. तलावपाळी, म्हणजे मासुंदा, रविवारी संध्याकाळी मुलाला हात धरून चालवणं ही शिक्षा आहे. सकाळी सातला जा. कोपिनेश्वराच्या घंटा ऐकू येतात, पाण्यावर बगळे असतात, कठड्याशी उभं राहून मासे दिसतात. त्यांना पाव आणि फरसाण टाकू नका, पाणी खराब होतं. पाचपाखाडीतला कचराळी तलाव चालायला शिकलेल्या मुलाला एक फेरी मारायला बेताचा आहे. उपवन मोठा, मागे येऊरचा डोंगर, थंडीत सकाळी धुकं.

घोडबंदर रोडजवळची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग रविवारी सकाळी बघण्यासारखी. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास, फुलपाखरं भरपूर असतात. ढगाळ दिवशी ती पानांखाली बसून राहतात, म्हणून ऊन पडलेली सकाळ निवडा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे. चौकीवर विचारूनच आत जा आणि उन्हं उतरायच्या आत बाहेर या.

पाऊस किंवा ऊन असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. पुस्तकांच्या कपाटांमधून हळू आवाजात बोलत फिरणं हा चार वर्षांच्या मुलासाठी मोठाच खेळ असतो.

९. आणि नवी मुंबईत?

खारघरचं सेंट्रल पार्क प्रशस्त आहे, पळायला मोकळं. बॉल आणि पाणी घ्या, बाकी काही लागत नाही. नेरूळचं वंडर्स पार्क जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृतींमुळे मोठ्यांना आवडतं. लहानांचं लक्ष टॉय ट्रेनवरून हटत नाही. तिथल्या राइड्सचे पैसे वेगळे, तेव्हा गेटबाहेरच 'एकच राइड' असं ठरवून आत शिरा, आत गेल्यावर तह होत नाहीत. नेरूळचंच रॉक गार्डन लहान मुलांना चढाउतरायला बरं.

मला स्वतःला वाशीचं सागर विहार सर्वात आवडतं. ओहोटीला कठड्यावरून खाली चिखलात नीट बघा. निवट्या दिसतील, म्हणजे पाण्याबाहेर पंखांवर सरकणारे आणि उड्या मारणारे मासे. अंग ओलं असेपर्यंत ते कातडीतून श्वास घेतात. शेजारी एक नांगी भलीमोठी आणि एक एवढुशी अशा खेकड्यांची वस्ती असते. मोठी नांगी नराची, तो ती हलवून माद्यांना बोलावतो. मूल पाऊण तास कठड्याला चिकटून राहतं आणि खर्च शून्य. ओहोटी कधी ते प्रश्न १० मध्ये.

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन असेल तर चाकावर मडकं फिरवणारा कुंभार दिसतो का बघा. तिथे मुलांना खरेदीपासून लांब कसं ठेवायचं हे मात्र विचारू नका, ते मलाही जमलेलं नाही.

१०. फ्लेमिंगो बघायला इतक्या लहान मुलांना नेण्यात अर्थ आहे का?

तीनच्या पुढे असेल तर आहे. त्याआधी मुलाला लांबचे गुलाबी ठिपके आणि पायाजवळची मुंगी यात मुंगीच मोठी वाटते. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पक्षी साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात. ऐरोलीहून बोटीने आत जाता येतं, पण कुटुंबाची बोट कमी खर्चात बसत नाही. फुकटचा मार्ग म्हणजे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा, टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या बाजूला आणि डीपीएस शाळेजवळच्या तळ्याशी.

खाडीत भरती आली, चिखल बुडाला, की पक्षी या आतल्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. म्हणून इथे भरतीच्या वेळी जायचं, आणि सागर विहारच्या निवट्यांसाठी ओहोटीला. भरतीचं कोळ्यांचं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. हा अंदाज मुंबईच्या किनाऱ्याचा, खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघून सहा-सात वर्षांचं मूल हे गणित स्वतः करतं आणि आजीला जाऊन सांगतं.

करड्या रंगाचा फ्लेमिंगो दिसला तर ते पिल्लू, लहान वयाचं. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. "मग मी पण बीट खाल्लं तर?" हा प्रश्न येणारच.

११. एप्रिल-मेची दुपार कशी काढायची?

बाहेर पडायचं ते साडेआठच्या आत नाहीतर साडेपाचनंतर. मधल्या वेळेत दोन खुर्च्यांवर जुनी साडी टाकून तंबू करा आणि जेवणही आतच द्या. बर्फाच्या साच्यात फुलांच्या पाकळ्या, जास्वंद, पुदिना गोठवून ठेवा आणि तो बर्फ ताटात फोडायला द्या. पन्ह्यासाठी उकडलेली कैरी कुस्करायचं काम मुलाचं.

मेच्या मध्यावर एक दिवस आपल्याकडे दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. गच्चीत बाटली सरळ उभी करा, सावली बाटलीच्या बुडात गडप होते. टोपी घालून पाच मिनिटं बघायचं आणि लगेच खाली यायचं. पाच वर्षांच्या मुलाला सावली हरवली म्हणजे चोरी झाल्यासारखं वाटतं.

१२. सणांमध्ये काय करता येईल?

सणांइतकं तयार साहित्य वर्षभरात मिळत नाही, तरी आपण मुलांना नवे कपडे घालून फोटो काढतो आणि 'हात लावू नको' म्हणतो. शाडूचा गणपती आणाल तेव्हा वेगळी मूठभर शाडू मागून घ्या, मुलाचा उंदीर होऊ दे. नवरात्रात इमारतीखाली भोंडला असेल तर गाणी येत नसली तरी फेर धरा. मुलांना खिरापत ओळखण्यात खरा रस असतो, 'गोड की तिखट' पासून सुरुवात करून चाळीस अंदाज.

दिवाळीचा किल्ला मात्र सोडू नका. विटा, दगड, फाटकी पोती, वरून मातीचा गारा. चारपाच दिवस आधी मोहरी किंवा अळीव पेरलं की ऐन दिवाळीत हिरवं रान होतं. चार वर्षांखालच्यांना गारा थापायचं आणि झारीने पाणी शिंपडायचं काम द्या. गड कोसळेल, तो कोसळूच दे. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका तीन वर्षांच्या सरदाराने बुरुजावर प्लास्टिकचा डायनोसॉर बसवला. थोरल्यांनी हरकत घेतली, मग तोफेऐवजी तोच राहिला.

१३. मुलगा सात वर्षांचा, मुलगी दोनची. दोघांना एकदम गुंतवणारं काही आहे का?

साहित्य एकच ठेवा, काम वेगवेगळं द्या. कणीक असेल तर धाकटी गोळे करते, थोरला त्या गोळ्यांचं मिठाईचं दुकान लावतो आणि तीच गिऱ्हाईक. मणी, सागरगोटे अशा बारीक वस्तूंचे खेळ थोरल्याला टेबलावर, धाकटी झोपलेली असताना (कारण प्रश्न १ मध्ये). आणि थोरल्याला सतत 'तू मोठा आहेस, दे तिला' म्हणू नका. त्याचीही एक अर्धा तासाची लोकलची फेरी असू दे, तुम्ही दोघंच.

१४. दिवसभर मुलं आजी-आजोबांकडे असतात. त्यांना धावपळ झेपत नाही.

त्यांच्या पोतडीत बसून खेळायचे खेळ आपल्यापेक्षा जास्त आहेत. फरशीवर खडूने पट आखून चल्लस आठ, कवड्या नसतील तर चिंचोके एका बाजूने घासून घ्यायचे. 'आईचं पत्र हरवलं' मध्ये आजी खुर्चीत बसून पत्र सांभाळते. भातुकलीत आजी पाहुणी. आजोबांना रोज सकाळी दूध-पेपर आणायला जायचंच असतं, तर बरोबर मुलाला पिशवी धरायला न्यायचं. एवढ्या चालण्यात वाटेवरची सगळी कुत्री ओळखीची होतात.

१५. मोबाईल अजिबातच द्यायचा नाही का?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाचपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर नको. माझ्याही घरी दाढदुखीच्या दिवशी तो तास सव्वा झालेला आहे. घास भरवताना मात्र नको, कारण तिथून तो निघता निघत नाही.

१६. वाढदिवस घरी केला तर पोरं घर डोक्यावर घेतील ना?

घेतील, म्हणून दीड तासाचाच ठेवा आणि वेळ पत्रिकेत लिहा. जेवढी मुलं तुमच्या हॉलमध्ये मांडी घालून बसतात, तेवढीच बोलवा. दोन खेळ पुरेत, त्यातला एक भेळेचा: चुरमुरे, शेव, कांदा, चटण्या वेगवेगळ्या वाडग्यांत आणि प्रत्येकाने आपली आपण कालवायची. परतभेट म्हणून कागदाच्या पुडीत मूठभर मेथीदाणे आणि वर मुलाच्या अक्षरात 'मातीत टाक'. दोन-तीन दिवसांत कोंब येतात, पुढच्या शनिवारी सगळे हिशेब द्यायला हजर.

१७. खालच्या मजल्यावरचे काका रोज तक्रार करतात. उड्या कशा थांबवू?

थांबणार नाहीत, जागा आणि वेळ बदला. उड्यांची जागा जाड गादीवर, दुपारी एक ते चार आणि रात्री नऊनंतर बंद. ठोकळ्यांखाली सतरंजी. मग एकदा मुलाला घेऊनच काकांकडे जा, डबा घेऊन. ज्या मुलाचं नाव माहीत असतं त्याचा आवाज थोडा कमी येतो, असा माझा अनुभव.

१८. माझी मुलगी रंगाला, मातीला, कणकेला हातच लावत नाही. जबरदस्ती करू का?

नको. तिला चमचा, ब्रश किंवा काडी द्या. जाड प्लास्टिकच्या पिशवीत रंग घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि वरून बोटं फिरवू द्या. शेजारी ओला रुमाल ठेवा, हात पुसता येतो हे कळलं की बरीच मुलं दोन-तीन आठवड्यांत एक बोट बुडवतात. मात्र हेच कपड्यांचं, जेवणाचं, आवाजाचंही होत असेल आणि रोजच्या गोष्टी अडत असतील, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

१९. लांबून बागेत नेलं, तर आमचा मुलगा फाटकाबाहेरच्या जेसीबीकडेच बघत उभा. आत येतच नाही. काय करू?

उभे राहा. घोडबंदर रोडला मेट्रोची कामं, इकडे नवी मुंबईत कुठे ना कुठे इमारत पडते आणि उभी राहते, म्हणजे आपल्याकडे या खेळाला तोटा नाही. पत्र्याच्या कुंपणापासून आणि गाडीच्या वळणापासून लांब, सावली बघून जागा धरा. पाण्याची बाटली घ्या. धूळ फार उडत असेल तर मात्र निघा.

आमच्या गल्लीत ड्रेनेजचं काम सुरू होतं तेव्हा अडीच वर्षांचा एक गडी आजोबांच्या खांद्यावर बसून रोज हजेरी लावायचा. बादली खाली गेली की "खाली", वर आली की "वर", माती ट्रकमध्ये पडली की टाळी. सहाला ड्रायव्हर किल्ली काढून उतरायचा तेव्हा हा त्याला वरूनच विचारायचा, "उद्या खड्डा आहे?" नवव्या दिवशी रस्ता बुजवला. दहाव्या दिवशी आजोबांनी गच्चीतल्या रिकाम्या कुंडीत माती आणि एक जुना कलथा ठेवला, आणि ड्रायव्हरच्या जागी स्वतः बसले.